उन्हाळी संशोधन कार्यक्रमाला अर्ज करायचाय? आपल्या शिवारातला प्रश्न घेऊन जा

भाऊ, तू विचारलंयस ते थोडक्यात असं: चोपड्याला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला भूगोल घेतलाय, हवामान बदलावरच्या आंतरविद्याशाखीय उन्हाळी संशोधन कार्यक्रमाला अर्ज करायचाय, पण गणित दहावीनंतर सुटलं, कोडिंग येत नाही, मग सायन्सच्या पोरांपुढे निभाव लागेल का? आणि घरची केळी सोडून ऐन उन्हाळ्यात दोन महिने बाहेर राहायचं कसं?

अर्ज करच. असे अर्ज मी बरीच वर्षं वाचतोय. निम्म्याहून जास्त अर्जांची सुरुवात ‘हवामान बदल ही आज जगापुढची सर्वांत मोठी समस्या आहे’ अशीच असते. पोरगं कुठलं, त्याला नेमकं काय शोधायचंय, याचा त्यातून काही पत्ता लागत नाही. तुझ्या घरी केळी आहे आणि नेमकं तेच तुझं भांडवल आहे.

एक प्रश्न मांडून दाखवतो. हवामान खात्याच्या निकषांप्रमाणे सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश हवं आणि ते सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी जास्त हवं, किंवा मग थेट ४५ अंश गाठायला हवेत. तेव्हा उष्णतेची लाट धरतात. आता आपल्या जळगाव पट्ट्यात मे महिन्यातल्या कमाल तापमानाची सरासरीच ४२ अंशांच्या आसपास. म्हणजे पारा ४४ वर गेला तरी कागदावर लाट नाही! केळीला मात्र २७ अंशांच्या आसपासचं हवामान मानवतं, ३८ च्या वर तिची वाढ जवळपास थांबते. त्यात पश्चिमेचा गरम वारा सुटला की पानं फाटतात, करपतात, निसवलेल्या, म्हणजे घड बाहेर पडलेल्या बागेत घड सटकतात. कडेला शेवरी किंवा गजराज गवत लावलेली, हिरवी नेट बांधलेली बाग आणि उघडी बाग, यांत फरक किती पडतो? हे मोजायला महागडी यंत्रं लागत नाहीत. सावलीत, एकाच उंचीवर टांगलेले दोन साधे तापमापक आणि रोज ठरलेल्या वेळी वहीत नोंद, एवढ्यावर सुरुवात होते.

आता हाच धागा पुढे ओढ. हवामान आधारित फळपीक विम्यात भरपाई ठरते ती महसूल मंडळासाठी धरलेल्या हवामान केंद्राच्या आकड्यांवर, तुझ्या बागेतल्या नुकसानीवर नाही. मग केंद्राचं तापमान आणि प्रत्यक्ष बागेतलं तापमान यांत किती अंतर पडतं? सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात किती, तापीकाठी किती? हिवाळ्यात चरका बसतो, म्हणजे थंडीने केळी करपते, तेव्हाही हाच प्रश्न. याला हवामानशास्त्र लागतं, पीकशास्त्र लागतं, संख्याशास्त्र आणि विम्याचं अर्थकारण लागतं. आणि मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) कुठली, कांदेबाग (पावसाळ्यानंतरची लागवड) कुठली हे ओळखून शेतकऱ्याशी ओट्यावर बसून बोलणारा माणूसही लागतो. चौघं-पाच जण मिळून करायचं काम आहे, आणि त्यातली शेवटची जागा तुझ्याशिवाय भरणार नाही. असे कार्यक्रम उभेच त्यासाठी राहतात.

कोडिंगचं म्हणशील तर अर्जाआधी एवढंच कर. नासाच्या ‘पॉवर’ संकेतस्थळावर गावाचे अक्षांश-रेखांश टाकले की १९८१ पासूनचं रोजचं तापमान फुकट मिळतं, एक्सेलमध्ये उघडतं. एप्रिल-मे महिन्यांतले ४२ च्या वरचे दिवस वर्षागणिक मोज, आलेख काढ. हे आकडे एकेका गावाचे नसतात, नकाशावरच्या मोठ्या चौकोनांचे असतात आणि एक चौकोन साधारण ५०-६० किलोमीटरचा असतो, म्हणजे डोंगरपायथा आणि नदीकाठ बऱ्याचदा एकाच चौकोनात. हा दोष तू स्वतः अर्जात लिहिलास, तर निवड करणाऱ्याला कळतं की पोरगा आकडे डोळे झाकून घेत नाही. माझ्या दृष्टीने याचं वजन टक्केवारीपेक्षा जास्त आहे.

कुठे अर्ज करायचा? तिन्ही राष्ट्रीय विज्ञान अकादम्यांची मिळून असलेली उन्हाळी फेलोशिप दोन महिन्यांची असते, तिचे अर्ज साधारण आदल्या हिवाळ्यातच भरावे लागतात. पुण्याच्या आयआयटीएम (उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था), आयसर (विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) यांसारख्या संस्थांच्या संकेतस्थळांवरही लक्ष ठेव. प्रत्येक ठिकाणी कलाशाखा चालते का, हे आधी जाहिरातीत वाच. अमेरिकेतल्या आरईयू, म्हणजे पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या उन्हाळी संशोधन कार्यक्रमांच्या मागे लागू नकोस. तिथल्या सरकारी निधीच्या जागा तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच असतात.

शिफारसपत्र तुला खरोखर ओळखणाऱ्या सरांकडूनच घे, प्राचार्यांच्या सहीचा मोह नको. इंग्रजी साधं ठेव, लहान वाक्यं लिही.

घरी मात्र आत्ताच बोल. विद्यावेतन किती, राहण्याची सोय आहे का, हे जाहिरातीवरून दाखव आणि त्या दोन महिन्यांत पाण्याच्या पाळ्या कोण बघणार हे वडिलांसोबत बसून ठरव. मसुदा झाला की इथेच टाक, मी ओळ न् ओळ वाचतो.