निपाणीतली जुनी तंबाखूची वखार पाडून कॉम्प्लेक्स बांधावं, की तीच वापरावी? पर्यावरणाचा हिशेब कसा लावायचा?

तुम्ही लिहिलंय की आजोबांची दगडी, कौलारू वखार रिकामी आहे, भाऊबंदांना ती पाडून कॉम्प्लेक्स उठवायचं आहे आणि तुम्हाला खात्रीचा हिशेब हवा आहे. मी बेळगावात स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, जुन्या इमारतींची कामं माझ्याकडे येत असतात.

आधी नव्याचा खर्च मांडू, रुपयांतला नव्हे. साध्या आरसीसी बांधकामाला चौरस फुटाला ०.४ पोती सिमेंट आणि ४ किलो स्टील लागतं, असा आमचा ठोकताळा. म्हणजे १,००० चौरस फुटांना २० टन सिमेंट, ४ टन स्टील. टनभर सिमेंटमागे ६०० ते ८०० किलो आणि टनभर स्टीलमागे दोन टनांच्या वर कार्बन डायऑक्साइड धरला, तर नुसत्या या दोन मालांचे २० ते २५ टन होतात. वीट, वाळू, वाहतूक, पाडकामाचा राडारोडा वेगळाच. तुमच्या दगडी भिंतींचं हे देणं केव्हाच फिटलंय.

पण म्हणून जुनं ठेवलं की झालं, असं नाही. जुन्या वास्तू जपणाऱ्या अमेरिकेतल्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने यावर मोठा अभ्यास केला होता. नवी इमारत वीज वाचवणारी असली तरी बांधताना झालेलं नुकसान भरून यायला १० ते ८० वर्षं लागतात, असं त्यात निघालं. मात्र जुन्या गोदामाचे फ्लॅट केले त्या एका प्रकारात फायदा दिसला नाही, कारण आत नवा मालच इतका घालावा लागला! तुमची नेमकी वखारच आहे, तेव्हा आत काय करणार हे आधी ठरवा. गुळाचं गोदाम, दुकानं, हॉल, अभ्यासिका यांना मोकळी जागा आहे तशी चालते. लॉज केलंत की खोलीखोलीला बाथरूम, पोटमाळ्याचा स्लॅब, एसी आलेच, मग हिशेब फिरला.

आता तपासणी. कैच्यांची, म्हणजे छप्पर तोलणाऱ्या लाकडी त्रिकोणी सांगाड्यांची, टोकं भिंतीत जिथं बसतात तिथं स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, वाळवी आणि ओल तिथूनच सुरू होते. भिंतीला ओळंबा लावा, पोट आलंय का ते कळेल. बांधकाम चुन्यातलं असेल तर वरून सिमेंटचा गिलावा अजिबात करू नका. ओल आत कोंडते, चुना भुसभुशीत होतो आणि चार-पाच पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. गवंडी हमखास सिमेंटच सुचवेल, कारण चुना मळायची घाणी लावणारे आता फार राहिले नाहीत. कौलं उतरवून पत्रा घालायचा मोहही आवरा, एप्रिलमध्ये आत बसवणार नाही. फुटकी तेवढी बदला, खानापूरकडून येतात. तंबाखूचा खकाणा फटींत वर्षानुवर्षं मुरलेला असतो. तोंडाला मास्क लावून व्हॅक्यूमने काढून घ्या, झाडूने तो नुसता उडतो.

उरतो तो भाग आकड्यात बसत नाही. जुने कारखाने, गोदामं अशा औद्योगिक वारशाच्या जतनासाठी २००३ साली रशियातल्या निझनी तागिल शहरात ठरलेली सनद इमारतीबरोबर यंत्रं आणि माणसांच्या आठवणीही मोजायला सांगते. गोकाकच्या धबधब्यावरची १८८७ सालची गिरणी घ्या, पाण्यावर फिरणारी टर्बाइनं वगळून तिच्या नुसत्या भिंती राखल्या तर काय राखलं? वखारीत यंत्र नाही, पण तंबाखू निवडणाऱ्या बायका होत्या. त्यांतल्या कुणी गावात असतील तर त्यांच्याकडून कुठं काय चालायचं ते लिहून घ्या. काटा, जुन्या वह्या भंगारात घालू नका. याला पैसे लागत नाहीत, तरी सगळ्यात आधी हेच राहून जातं की ओ.

भावांसमोर दोन अंदाजपत्रकं ठेवा आणि दोन्हींत पैशाशेजारी सिमेंट-स्टीलच्या टनांचा रकाना घाला. दुरुस्तीला नव्याच्या निम्म्याहून जास्त माल लागत असेल, तर मी स्वतः जुनं ठेवायचा आग्रह धरत नाही. नुसत्या कैच्या गेल्या असतील तर छप्पर बदलून भिंती ठेवा. भिंतीच सुटल्या असतील तर पाडा, पण जेसीबी लावून नको. सागवान, घडीव दगड, कौलं हातानं उतरवली तर या सगळ्याला गिऱ्हाईक आहे.