सहा दिवसांत पाच सामने जिंकणारा अमेरिकन फुटबॉलचा विद्यापीठ संघ कोणता?
टेनेसीतल्या सुवानी गावच्या ‘युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ’चा, १८९९ सालचा. ९ ते १४ नोव्हेंबरदरम्यान रेल्वेने गावोगाव फिरत त्यांनी टेक्सास, टेक्सास ए अँड एम, टुलेन, लुइझियाना स्टेट आणि मिसिसिपी या पाचही संघांना हरवलं. मधला रविवार तेवढा सुट्टीचा. गंमत म्हणजे पाचांपैकी एकालाही त्यांच्याविरुद्ध गुण मिळवता आला नाही! तेव्हा फॉरवर्ड पासला, म्हणजे चेंडू पुढच्या खेळाडूकडे फेकायला, परवानगीच नव्हती, म्हणजे सगळी धक्काबुक्की आणि रेटारेटी. अशा खेळानंतर रात्री आगगाडीत अंग टाकायचं नि दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदान. त्या मोसमात बाराच्या बारा सामने जिंकले. घाम फोडला तो फक्त ऑबर्न या विद्यापीठ संघाने; तो सामना ११-१० असा जेमतेम जिंकला.