रात्री तोच प्रसंग उगाळत बसणारी मुलं

ताई, तुम्ही लिहिलंय की नववीतली लेक वर्गात प्रकल्प सांगताना अडखळली, मुली हसल्या, आणि तेव्हापासून ती रोज रात्री "मी किती बावळट दिसले असेन ना गं?" असं विचारत बसते. तुम्ही म्हणता, "अगं, कुणाच्या लक्षातही नसेल." दुसऱ्या रात्री पुन्हा तेच.

हे समजावणं हळूहळू कमी करा. त्याने घटकाभर बरं वाटतं, पण आईने सांगितल्याशिवाय चैन पडत नाही अशी सवय लागते. "एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस" हेही नको, नाहीतर ती बोलायचीच थांबेल.

डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये चारचौघांत वाटणाऱ्या भीतीची जी मांडणी केली, तिच्यात प्रसंगानंतरच्या या उगाळण्याला मोठं स्थान आहे. मुलांना छातीतली धडधड, तापलेले कान आठवतात आणि त्यावरून 'मी अशी दिसले' हे चित्र मन रंगवतं. दर उजळणीला ते अधिक भडक होतं.

म्हणून दिवसाउजेडी, चहाच्या वेळी वही घेऊन बसा. तिथे कॅमेरा असता तर त्याने काय टिपलं असतं, तेवढंच तिला लिहू दे. "सगळे हसले" असं आलं की विचारा, "कोण कोण?" बहुतेक वेळा दोन-तीन नावांवर गाडी थांबते. "दुसऱ्या मुद्द्याला अडले. कागद उलटला. पुढचं सांगितलं. बाईंनी प्रश्न विचारला." झालं, वही बंद. रात्री विषय निघाला तर पाठीवरून हात फिरवा आणि म्हणा, "उद्या चहाला बोलू."

या वयाच्या मुलांना एक प्रयोग जरूर सांगावा. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांसमोर पाठवलं. त्यांना वाटलं, निम्म्या लोकांनी पाहिलं असणार. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आलं होतं. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला.

शाळा बुडायला लागली, झोप-जेवण बिघडलं, तर मात्र थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाला दाखवा. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येतं.

आणि पुढचं सादरीकरण टाळायला चिठ्ठी देऊ नका. आधी छोटं काही करू दे. वर्गात बाईंना एक शंका विचारायची आणि घरी येऊन सांगायचं ते बाईंनी काय उत्तर दिलं, फळ्यावर काय लिहिलं होतं. आपला आवाज कसा आला, ते नाही.