किट कुरिअरने येते, व्हिडिओ ॲपमध्ये उघडतो

येवल्याहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. आरी वर्कचे, म्हणजे आकड्याच्या सुईने करायच्या भरतकामाचे, साहित्य त्या स्वतःच्या ॲपवरून विकतात. त्याच ॲपमध्ये रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओंचा वर्ग आणि रविवारची थेट बॅचही चालते, आणि सगळ्याचे पैसे यूपीआयने परस्पर घेतले जातात. गूगल प्लेने ॲप काढून टाकले आहे, ॲपलने आयफोनसाठीची नवी आवृत्ती नाकारली आहे. ‘स्पर्धा आयोगाने गूगललाच दंड केलेला असताना मला यूपीआय घ्यायला मनाई कशी? दावा लावू का?’ असा त्यांचा प्रश्न आहे. माझ्याकडे अशी पत्रे इतकी येतात की पत्र उघडण्याआधीच त्यातला दंडाचा उल्लेख मी गृहीत धरतो.

दंडाकडे नंतर येऊ. तुमच्या प्रकरणाचा निकाल एकाच प्रश्नावर लागतो: ग्राहकाने मोजलेल्या पैशांत त्याला जे मिळते, ते ॲपच्या बाहेर वापरले जाते की ॲपच्या आत? सुई, मणी, जरी, फ्रेम हा माल कुरिअरने घरी जातो. अशा मालासाठी दोन्ही स्टोअर आपली बिलिंग व्यवस्था वापरू देतच नाहीत. ॲपलच्या नियमावलीतील ३.१.३ (ई) हे कलम आणि गूगलचे पेमेंट धोरण दोन्ही हेच सांगतात. तेथे यूपीआय घ्या, कार्ड घ्या, घरपोच रोख घ्या, कमिशनचा प्रश्नच उद्भवत नाही. व्हिडिओ मात्र ॲपमध्येच उघडतो आणि त्याला नेमका उलटा नियम आहे. ॲपलच्या ३.१.१ कलमानुसार त्याची विक्री ॲपलच्याच खरेदी व्यवस्थेतून व्हावी लागते. गूगलकडे नाव नोंदवलेल्यांचे वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलर उत्पन्नावर १५ टक्के आणि त्यापुढे सर्वसाधारणपणे ३० टक्के कापले जातात. ॲपलकडेही १५ टक्क्यांचा दर लहान व्यावसायिकांसाठीच्या योजनेत नाव नोंदवल्यावरच लागू होतो, आणि ती नोंदणी तुम्ही केल्याचे पत्रात कोठेही दिसत नाही.

तुमचा घात झाला तो ‘२,४९९ रुपयांच्या किटसोबत व्हिडिओ मोफत’ या ओळीने. पैसे भरताच ॲपमधले कुलूप उघडते, म्हणजे पैसे कुलूप उघडण्याचेही आहेत, असाच अर्थ तपासणारा लावणार. ‘मोफत’ हा शब्द तेथे कामाचा नाही. असे जोडविक्रीचे प्रकरण प्रत्येक वेळी फेटाळले जाईलच असे मी म्हणत नाही, परंतु त्यावर धंदा टेकवू नये. किटची विक्री वेगळी, तिचे बिल वेगळे, आणि व्हिडिओचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही, अशी रचना करूनच ॲप पुन्हा सादर करावे. थेट बॅचबाबत ॲपलचा नियम बारकाईने वाचण्यासारखा आहे: एका शिक्षकाने एकाच विद्यार्थिनीला त्या वेळी ऑनलाइन थेट शिकवले, तर पैसे बाहेरून घेता येतात, एकीने अनेकींना शिकवले, तर नाही. तुमच्या बॅचमध्ये तीस जणी असतात, त्यामुळे त्या सवलतीचा विचार सोडून द्या.

वर्ग संकेतस्थळावर विकून ॲपमध्ये केवळ लॉगिन ठेवण्याचा मार्ग गूगलकडे खुला आहे, मात्र ॲपमधून त्या पानाकडे नेणारी लिंक नको. ॲपलकडे बाहेर घेतलेला वर्ग ॲपमध्ये दाखवायचा असेल, तर तोच ॲपलच्या व्यवस्थेतूनही विकत मिळाला पाहिजे. अमेरिकेतील न्यायालयाने २०२५ मध्ये बाहेरच्या लिंकला दिलेली मोकळीक तेथील स्टोअरपुरती आहे, येवल्याला ती लागू नाही.

आता दंड. २५ ऑक्टोबर २०२२ च्या आदेशाने स्पर्धा आयोगाने गूगलला, ॲपमधील खरेदीसाठी आपलेच बिलिंग सक्तीचे केल्याबद्दल, ९३६.४४ कोटींचा दंड केला, मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो २१६.६९ कोटींवर आणला, आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. या सगळ्यातून तुमच्या हाती आले ते एवढेच, की भारतात गूगलच्या बिलिंगशेजारी दुसरा पर्याय ठेवता येतो आणि त्यातून पैसे आल्यास कमिशन चार टक्क्यांनी कमी लागते. त्यासाठीही आधी नोंदणी लागते; परस्पर क्यूआर कोड लावणे म्हणजे तो पर्याय नव्हे.

दाव्याचे म्हणाल तर गूगलच्या करारात कॅलिफोर्नियाचा कायदा आणि सांता क्लारा परगण्यातील न्यायालये लिहिलेली आहेत. येथील न्यायालयात त्या कलमावर वाद घालता येईल, पण पहिली दोन वर्षे त्यातच जातील. स्पर्धा कायद्याचे ६१ वे कलम दिवाणी न्यायालयाची वाट अडवते, आणि नामांकित स्टार्टअप कंपन्यांचे गूगलविरुद्धचे दावेही मद्रास उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये फेटाळले. आयोगाकडे तीन वर्षांत तक्रार करता येते, परंतु तिने या लग्नसराईत ॲप परत येणार नाही.

यापेक्षा तातडीचे तुमच्या ई-मेलमध्ये आहे. तीन इशारे ज्या पत्त्यावर गेले, तो पत्ता ॲप बनवणाऱ्या मुलाने उघडलेला होता आणि तो कोणी पाहत नव्हते, हे तुम्ही तीन वाक्यांत लिहून मोकळ्या झालात. माझ्या दृष्टीने सारे प्रकरण तेथेच बिघडले. गूगलच्या पत्रात ॲप ‘काढले’ असा शब्द आहे की ‘निलंबित’, हे आजच पाहा. काढलेले ॲप दुरुस्त करून पुन्हा देता येते. निलंबन खात्याच्या नावावर ठपका म्हणून राहते, आणि तेथे अपिलाचाच मार्ग उरतो. पतीच्या नावाने नवे खाते उघडण्याचा जो विचार तुम्ही लिहिला आहे, तो कृपया करू नका. मूळ खाते बंद झाले तर त्याच्याशी जोडलेली खातीही बंद केली जातात, आणि मग तुमचे अपील कोणी वाचणारही नाही. मूळ खाते त्या मुलाच्या नावावर असेल तर करार त्याचा आहे, तुमचा नाही. ॲप तुमच्या खात्यावर हस्तांतरित करून घ्या आणि त्याच्याकडून तसे लेखी घ्या.

ग्राहक आयोगाकडे तुम्ही जाऊ शकाल का, याबद्दल मला शंका आहे, कारण सेवा व्यवसायासाठी घेतलेली आहे. केवळ उपजीविकेसाठी स्वयंरोजगार केला, एवढाच युक्तिवाद तेथे उरतो. तुमच्या विद्यार्थिनी मात्र निर्विवाद ग्राहक आहेत. ज्यांनी वर्गाचे पैसे भरले आणि ज्यांना आता व्हिडिओ दिसत नाही, त्यांच्या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करण्याचे बंधन २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी घातलेले आहे. त्यांना व्हिडिओ दुसऱ्या मार्गाने पाठवा किंवा पैसे परत करा, आणि जे कराल त्याची नोंद तारखेसह ठेवा.