जांभळाला काटे कधीपासून?

प्रश्न : माझी नात पाचवीत आहे, इंग्रजी माध्यमात. मराठीच्या वहीत ‘फळांची मराठी नावे लिहा’ असा गृहपाठ होता. ब्लॅकबेरीपुढे आम्ही मोबाइलमध्ये बघून ‘जांभूळ’ लिहिलं. बाईंनी लाल फुली मारली, पण बरोबर काय ते सांगितलं नाही. सून म्हणते, तुती. आमचे हे म्हणतात, ब्लॅकबेरी म्हणजे आपल्या मुलाचा जुना फोन, फळबिळ काही नाही. खरं कोण?
– एक आजी, कोपरी, ठाणे (पूर्व)

उत्तर : बाईंची फुली बरोबर. यजमानांना अर्धे गुण. सूनबाई योग्य गल्लीत गेल्या, पण शेजारच्या घरात शिरल्या.

‘जांभूळ’ लिहिलंत म्हणून वाईट वाटून घेऊ नका. हीच चूक मी चक्क छापून बसले आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी मुलांच्या एका अंकासाठी मी एक इंग्रजी गोष्ट मराठीत आणली. त्यात दोन भावंडं डबा घेऊन ब्लॅकबेऱ्या खुडायला जातात. मी बिनदिक्कत ‘जांभळं’ केलं. पुढे मुलीचा फ्रॉक काट्यांत अडकतो, हाताला ओरखडे येतात, तेही इमानेइतबारे उतरवलं. महिन्याभरात मुरबाडहून पोस्टकार्ड आलं. मजकूर एवढाच : “बाई, जांभळाला काटे कधीपासून आले? आमच्या दारात झाड आहे. काटा दिसला तर कळवतो.” ते कार्ड अजून माझ्या शब्दकोशात खुणेसाठी आहे.

घोळ होतो तो इंग्रजीतल्या एका नावामुळे. आपल्या जांभळाला इंग्रजीत ‘इंडियन ब्लॅकबेरी’ असंही म्हणतात. जांभूळबीच्या चूर्णाच्या डब्यांवर हे नाव दिसतं. अरबांनी चिंचेला ‘तमर हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानी खजूर म्हटलं, त्यातलाच हा प्रकार. पण म्हणून आपण चिंचेला खजूर म्हणत नाही. मोबाइल मात्र ‘इंडियन’ गाळतो आणि उलटं भाषांतर करून मोकळा होतो. जांभूळ हा पेरू आणि लवंगेचा भाऊबंद, भला मोठा वृक्ष. ब्लॅकबेरी गुलाबाच्या कुळातली, काटेरी फांद्यांचं झुडूप. पहिलं जून उजाडला की जांभळी नाक्यावर पाट्यांतून दिसतं, दुसरं मॉलमध्ये काचेच्या कपाटात.

तुमच्या पत्रानंतर मी तिथूनच एक डबी आणली. 125 ग्रॅमची. पैसे देताना हात आखडला, पण म्हटलं वाचकांसाठी आहे. घरी एक फळ बशीत ठेवून भिंग लावलं. एकच फळ दिसतं, पण असतात बारीक बारीक मण्यांचे झुबके. प्रत्येक मण्यात आपला रस आणि आपली बी. दाबनाने एकेक सोडवत मोजले. चाळिसाच्या पुढे गेल्यावर बोटं जांभळी झाली आणि चष्मा चिकट, तेव्हा सोडून दिलं. मधे पांढरट दांडा राहिला. खरी खूण हीच. ब्लॅकबेरी खुडली की हा गाभा फळाबरोबर येतो. तिची बहीण रास्पबेरी खुडली तर तो झाडावर राहतो आणि फळ टोपीसारखं पोकळ निघतं. मुलांना ती बोटाला घालता येते.

तुतीही मण्यामण्यांचीच, म्हणून सूनबाई फसल्या. पण ब्लॅकबेरीचे सगळे मणी एकाच फुलातून होतात आणि तुतीचे अनेक बारक्या फुलांचे मिळून. शिवाय तुती म्हणजे रेशमाच्या किड्यांना पाला पुरवणारं झाड, वड-फणसाच्या कुळातलं. आणि गंमत म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या हिशोबात ब्लॅकबेरी ‘बेरी’च नाही! केळं, टोमॅटो, वांगं हे बेरी. वांग्याला हे कोणी सांगितलेलं दिसत नाही.

मग ती गोष्ट आज पुन्हा मराठीत आणायची तर? मला विचाराल तर करवंद. शास्त्र सोडा, करवंद कण्हेर-सदाफुलीच्या कुळातलं आहे, त्याचा चीक ओठांना चिकटतो, ब्लॅकबेरीला चीक नाही. पण इंग्लंडमधल्या मुलाला कुंपणाकडेची ब्लॅकबेरी म्हणजे जे वाटतं, ते आपल्याला करवंदाच्या जाळीपाशीच वाटतं. काटे, फुकटचा माल, जांभळी जीभ, घरी बोलणी. मे महिन्यात येऊरकडच्या बायका ठाणे स्टेशनाबाहेर द्रोण लावून बसतात, तेव्हा मी अजून एक करवंद दातात धरून ‘कोंबडा की कोंबडी’ बघते. आतून लाल निघाला तर कोंबडा. ब्लॅकबेरीत ही सोय नाही.

इंग्रजीत ‘ब्लॅकबेरीइंग’ असं क्रियापदच आहे, म्हणजे ती खुडायला जाणं. आपण ‘करवंदाला गेलो होतो’ म्हणतो ना, तसंच. ‘ब्लॅकबेऱ्यांसारखं मुबलक’ हा वाक्प्रचारही जुना आहे. शेक्सपिअरचा फॉल्स्टाफ म्हणतो, कारणं ब्लॅकबेऱ्यांइतकी मुबलक असली तरी जबरदस्तीने एकही देणार नाही. मी इथे बेधडक ‘पैशाला पासरी’ करीन. (आणि मग ती डबी आठवून गप्प बसेन.) अमेरिकेच्या दक्षिण भागात वसंतात ही झुडपं फुलतात तेव्हा गेलेली थंडी एकदा मागे वळून येते, तिला ‘ब्लॅकबेरी विंटर’ म्हणतात. तिकडच्या शेतकऱ्याला ब्लॅकबेरी हे पंचांगही आहे.

आता यजमानांचा फोन. कॅनडातल्या वॉटर्लू शहरातल्या कंपनीने 1999 साली खिशात मावणारं, ई-मेल दाखवणारं यंत्र काढलं. त्याचं बारसं केलं कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीने. तिचा धंदाच बारशांचा. ती इवलीइवली बटणं कुणाला फळावरच्या बियांसारखी दिसली. आधी ‘स्ट्रॉबेरी’ सुचलं, पण ‘स्ट्रॉ’ हा उच्चार रेंगाळतो, म्हणून ‘ब्लॅकबेरी’. पुढे माणसं त्याला इतकी चिकटली की ‘क्रॅक’ या नशेवरून ‘क्रॅकबेरी’ हा शब्द निघाला आणि 2006 साली अमेरिकेतल्या एका शब्दकोशाने तो वर्षाचा शब्द ठरवला. 4 जानेवारी 2022 पासून त्या जुन्या फोनांची सेवा बंद झाली. यजमानांचा अर्थ आता मुलाच्या ड्रॉवरमध्येच सापडेल.

वहीत काय लिहायचं? ‘ब्लॅकबेरी’. देवनागरीत, वेलांटी दीर्घ. सफरचंदाला चंद्र जोडून घेता आला, हिला अजून कोणी घरचं नाव दिलेलं नाही. ‘काळी बेरी’ मात्र लिहू नका, बाई दुसरी फुली मारतील आणि मी त्यांच्या बाजूने असेन.

प्रश्न : ब्लॅक करंट आईस्क्रीममधलं फळ हेच का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : नाही. ते तिसरंच झुडूप, थंड मुलखातलं, आणि त्याचं फळ खरोखर बेरी आहे. ‘करंट’ हे नाव ग्रीसमधल्या कॉरिंथ गावाचं. तिथल्या बारीक मनुकांना ते आधी मिळालं, मग दिसण्यावरून या फळाला. विजेशी संबंध नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या आईस्क्रीमवाल्याने पाटीवर ‘काळा करंट’ लिहिलं आहे. दोनदा सांगायला गेले, दोन्ही वेळा मुरबाडचं कार्ड आठवलं आणि कप घेऊन परत आले.