लोकरीचा लष्करी कोट आणि कोकणची हवा

प्रश्न : जानेवारीत मनालीला जायचे असल्याने आमचा मुलगा ब्रिटिश सैन्याचा जुना लोकरी ग्रेटकोट मागवू पाहतो आहे. विक्रेता तो ‘१९४०चा’ असल्याचे सांगतो. ते खरे कसे मानावे, आणि आपल्या हवेत असा कोट टिकेल का? – एक वाचक, देवगड

उत्तर : कोटाच्या आत शिवलेल्या कापडी लेबलचे छायाचित्र आधी मागवून घ्यावे. ‘१९४० पॅटर्न’ हे नमुन्याचे वर्ष असते, शिलाईचे नव्हे. त्या नमुन्याचे कोट पुढेही शिवले जात होते आणि शिवल्याचे वर्ष लेबलवर निराळे छापलेले असते. सरकारी मालकीची बाणाची खूणही शोधावी. हा कोट गणवेशावरून घालण्यासाठी बेतलेला असल्याने ऐसपैस बसतो, हे माप ठरवताना ध्यानात असावे.

मी मात्र वर्षापेक्षा कापड पाहीन. कोट हाती येताच अस्तर नसलेला खालचा घेर उन्हासमोर धरावा. सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले, तर कसर लागली आहे असे समजून तो परत करावा. शंका असली आणि फ्रीजरमधली सुरमई बाहेर काढायला घरचे राजी असतील, तर कोट प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उणे १८ अंशांत आठवडाभर ठेवावा.

कोकणातला खरा शत्रू पावसाळा आहे. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओलावा शोषूनही हाताला कोरडीच लागते, आणि तिथेच आपण फसतो. मी एक कोट जूनमध्ये सागवानी कपाटात टांगला होता. गणपतीत कपाट उघडले, तेव्हा कॉलरवर पांढरी बुरशी आणि पितळी बटणांवर हिरवा थर होता. तेव्हा घट्ट झाकणाच्या पेटीचा खर्चही किमतीत धरावा. डांबरगोळ्यांचा वास कोंडून राहिला तरच त्यांचा उपयोग होतो. फटी असलेल्या कपाटात त्या वाया जातात. अळी घामाच्या डागांवर आधी तुटून पडते, म्हणून कोट ड्रायक्लीन करूनच पेटीत ठेवावा. गरम पाण्यात धुतल्यास लोकर आटते.

कोट भारतीय सैन्याचा मिळाल्यास त्यावरील चिन्हे उतरवावीत. सैनिक असल्याचे भासवण्यासाठी तसा पोशाख घालणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ नुसार गुन्हा आहे.

गरज एका सहलीपुरतीच असेल, तर मनालीत गरम कपडे भाड्याने मिळतात. चिरंजीवांची हौस त्याने भागणार नाही, हे मलाही कळते.