एटिकेट, तिकीट आणि व्हर्सायचा माळी

फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या माळ्याने व्हर्सायच्या राजवाड्याच्या हिरवळीवर 'इथून चालू नका' अशा पाट्या लावल्या, त्या पाट्यांना फ्रेंचमध्ये 'एतिकेत' म्हणत आणि त्यातून 'एटिकेट' (शिष्टाचार) हा शब्द जन्माला आला, हे खरं का, असा प्रश्न आहे. गोष्ट झकास आहे, पण खरी धरू नका. त्या काळातला पुरावा तर नाहीच, शिवाय सनावळीही आडवी येते. लुईचा दरबार व्हर्सायला हलला १६८२ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी, १६५१ च्या सुमारास, माद्रिदला स्पेनचा राजा चौथा फिलिप याच्या राजवाड्याची नियमावली तयार झाली होती आणि तिचं नावच 'एतिकेतास हेनेरालेस' (सर्वसाधारण एटिकेट) होतं. या दरबारी थाटाचं मूळ आणखी मागे, बर्गंडी या जुन्या युरोपीय संस्थानाच्या दरबारात. सम्राट पाचव्या चार्ल्सने १५४८ मध्ये तो आपल्या मुलासाठी स्पेनमध्ये लागू केला.

पाटीचा धागा मात्र अगदीच खोटा नाही. जुन्या फ्रेंचमध्ये 'एस्तिके' म्हणजे चिकटवणं, खोचणं. त्यावरून 'एस्तिकेत' म्हणजे चिकटवलेली चिठ्ठी. खटल्याच्या कागदांच्या पिशवीवर लावायची तीसुद्धा. दरबारी रीत कागदावर लिहून ठेवायची, म्हणून बहुधा त्या रीतीलाही तेच नाव पडलं. फ्रान्समध्ये आजही दुकानातल्या किमतीच्या चिठ्ठीला 'एतिकेत'च म्हणतात.

इंग्रजीने हा शब्द दोनदा उचलला, हा मला सगळ्यात मजेशीर भाग वाटतो. सोळाव्या शतकात घेतला तेव्हा सुरुवातीचा स्वर गळाला आणि 'टिकेट' झालं, म्हणजे आपलं तिकीट. दोनेकशे वर्षांनी तोच शब्द दरबारी पोशाखात परत आला. इंग्रज उमराव लॉर्ड चेस्टरफील्डच्या १७५० मधल्या पत्रात 'एटिकेट' सापडतो. मधल्या काळात व्हर्सायला राणीसमोर बिनपाठीच्या स्टुलावर कोणी बसायचं (डचेस असाल तर बसा, नाहीतर उभ्या राहा!) यावरून रुसवेफुगवे चालत, तेव्हा शब्दाला भाव आला यात नवल नाही.

त्याच्याही मागे गेलात तर 'एस्तिके' हे मूळचं जर्मानिक (इंग्रजी-जर्मन ज्यातले, त्या भाषाकुळातलं), इंग्रजी 'स्टिक' आणि 'स्टिच'चं भावंड. या सगळ्यांचा इंडो-युरोपीय धातू (युरोपातल्या बहुतेक भाषा आणि संस्कृत यांच्या समान पूर्वज भाषेतलं शब्दमूळ) टोकदार, टोचणारं असं सांगणारा. संस्कृतातला 'तिज्' त्याच घराण्यातला. त्यावरून 'तेज' आणि 'तीक्ष्ण', आणि 'तीक्ष्ण'वरून प्राकृतमार्गे आपलं 'तिखट'. तेव्हा एटिकेट आणि तिखट हे लांबचे का होईना, भाऊबंद आहेत.